विंडोजच्या घरीं लिनक्सची पेटी



आपल्या गोंडपिपरीसारख्या गांवांतून संगणकशास्त्र शिकण्यासाठीं चंद्रपूर, नागपूर किंवा पुणें येथें जाणारीं मुलें आतां दुर्मिळ राहिलीं नाहींत. त्यांच्याजवळ जो संगणक असतो तो बहुधा विंडोज प्रणालीचा, आणि पुष्कळदां दुसऱ्याच्या हातून आलेला असा असतो. महाविद्यालयांत गेल्यावर थोड्याच दिवसांत गुरुजन सांगतात, "अमुक साधन डॉकरमध्यें चालवून आणा." मुलगा पुस्तकांतील आज्ञा जशाच्या तशा लिहितो; पण यंत्र तांबड्या अक्षरांत नकार देतें, अथवा इतकें मंद होतें कीं साधें पान उघडावयास मिनिटें लागतात. दोन रात्री अशा गेल्या म्हणजे त्याच्या मनांत दोन विचार येतात. एक, "आपल्या बुद्धीला हें झेपणारें नाहीं." दुसरा, "बाबांना सांगून मोठा संगणक घ्यावा." पहिल्या विचारानें चांगलीं मुलें हा विषयच सोडून देतात, दुसऱ्यानें घरावर कर्ज होतें. वास्तविक हे दोन्ही विचार बहुतेक वेळां निराधार असतात. अडचण बुद्धींत नसते व पुष्कळदां यंत्रांतहि नसते. एक गोष्ट न समजल्यामुळें ती उत्पन्न झालेली असते. ती गोष्ट समजावून सांगणें हाच प्रस्तुत पाठाचा हेतु आहे.

ती गोष्ट एका वाक्यांत अशी : कंटेनर आपल्याबरोबर सर्व सामान आणतो, पण गाभा आणीत नाहीं, म्हणून ज्या संगणकावर लिनक्स नाहीं तेथें लिनक्सचा कंटेनर चालत असेल, तर त्या संगणकाच्या पोटांत कोठें तरी एक लहानसें लिनक्स चालत असलेंच पाहिजे. तें कोठें आहे हें ज्याला ठाऊक आहे, त्याला पुढील बहुतेक अडचणींचीं कारणें आपोआप सांपडतात. आतां क्रमानें पाहूं.

१. पेटीची कल्पना

कंटेनर हा शब्द मूळचा बंदरावरचा आहे. पूर्वीं जहाजावर माल चढवावयाचा म्हणजे पोतीं, पिंपें, खोकीं व गांठोडीं एकेक करून हमालांनीं वाहून न्यावीं लागत. प्रत्येक वस्तूचा आकार निराळा, प्रत्येकीची काळजी निराळी. २६ एप्रिल १९५६ रोजीं अमेरिकेंत माल्कम मॅक्लीन या मालवाहतुकीच्या धंद्यांतील गृहस्थानें 'आयडियल एक्स' नांवाच्या जहाजावरून ५८ पेट्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठविल्या. पुढें या पेट्यांचा आकार सर्वत्र ठरून गेला, आणि मग जहाज, रेल्वेचा डबा व मालमोटार या तिन्हींवर एकच पेटी न उघडतां बसूं लागली. आपल्या महाराष्ट्रांत न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ सालीं सुरू झालें, तें मुख्यतः याच पेट्यांच्या वाहतुकीचें बंदर आहे. तेथील पेट्या रेल्वेनें नागपुरापर्यंत येतात. पेटींत काय आहे हें मालमोटारीला कळावें लागत नाहीं. पेटीचा आकार तेवढा ठरलेला असला म्हणजे झालें.

संगणकाच्या कार्यक्रमांचीहि पूर्वीं अशीच हलाखी होती. एखादा कार्यक्रम चालावयाचा म्हणजे त्याला पायथन भाषेची विशिष्ट आवृत्ति लागते, अमुक डेटाबेस लागतो, अमुक ग्रंथसंच लागतात. एका यंत्रावर हें सर्व जुळलेलें असतें, दुसऱ्यावर त्यांतील एखादें नसतें किंवा भलत्याच आवृत्तीचें असतें. मग "माझ्याकडे तर चालतें" असें एक म्हणतो, व "माझ्याकडे चालत नाहीं" असें दुसरा म्हणतो, आणि दोघेहि खरें बोलत असतात! यावर उपाय असा निघाला कीं, कार्यक्रम व त्याला लागणारें सर्व सामान एकाच पेटींत भरून ती पेटीच इकडून तिकडे पाठवावी. भरून ठेवलेल्या पेटीच्या या साच्याला 'इमेज' म्हणतात; आणि त्या साच्यावरून प्रत्यक्ष चालूं केलेल्या कार्यक्रमाला 'कंटेनर' म्हणतात. एका इमेजवरून कितीहि कंटेनर चालूं करतां येतात.

ही युक्ति सर्वांच्या हातीं देण्याचें श्रेय डॉकर या साधनाला आहे. सॉलोमन हाइक्स यांनीं मार्च १९१३ च्या बरोबर शंभर वर्षांनंतर, म्हणजे मार्च २०१३ मध्यें, पायथनकारांच्या एका संमेलनांत हें साधन प्रथम जाहीरपणें दाखविलें. थोड्याच वर्षांत तें जगभर पसरलें. २०१५ सालीं निरनिराळ्या कंपन्यांनीं एकत्र येऊन इमेजचा आकार कसा असावा याचा सर्वसंमत नियम करण्यास आरंभ केला. त्यामुळें आज डॉकरनें बनविलेली इमेज पॉडमन या दुसऱ्या साधनानेंहि चालवितां येते.

२. गाभा म्हणजे काय

प्रत्येक संगणकाच्या प्रणालींत एक मुख्य भाग असतो. त्याला कर्नल म्हणतात. आपण त्याला गाभा म्हणूं. कोणत्या कार्यक्रमाला किती रॅम द्यावी, प्रोसेसर कोणाच्या हातीं किती वेळ असावा, डिस्कवर कोणी लिहावें, जाळ्यावरून कोणाशीं बोलावें, हें सर्व गाभा ठरवितो. कोणताहि कार्यक्रम स्वतःहून डिस्कला हात लावूं शकत नाहीं. तो गाभ्याजवळ विनंति करतो व गाभा तें काम करून देतो. ही विनंति करण्याची प्रत्येक गाभ्याची भाषा निराळी असते. लिनक्सचा गाभा लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीं १९९१ सालीं फिनलंडांतील हेलसिंकी येथें विद्यार्थी असतांना लिहावयास घेतला. विंडोजचा गाभा निराळा, व ॲपलच्या मॅक संगणकांचा त्याहून निराळा.

आतां कंटेनर म्हणजे कांहीं निराळें यंत्र नव्हे. लिनक्सचा गाभाच आपल्या कांहीं कार्यक्रमांना इतरांपासून वेगळें ठेवतो, एवढेंच. यासाठीं त्याच्याजवळ दोन योजना आहेत. पहिली 'नेमस्पेस'. तिच्या योगानें कार्यक्रमाला काय दिसावें हें ठरतें. त्याला आपल्याच पेटींतील फाइली व आपलेच सोबती दिसतात, बाहेरचें कांहीं दिसत नाहीं. हिचा आरंभ लिनक्समध्यें २००२ सालीं झाला. दुसरी योजना 'सी-ग्रूप'. तिच्या योगानें कार्यक्रमानें किती खावें हें ठरतें, म्हणजे किती रॅम व किती प्रोसेसर वापरावा याची मर्यादा घालतां येते. हें काम गूगलमधील पॉल मेनेज व रोहित सेठ या अभियंत्यांनीं २००६ सालीं आरंभिलें आणि २००८ सालीं तें लिनक्सच्या गाभ्यांत समाविष्ट झालें. फार मागें पाहिलें तर १९७९ च्या सुमारास युनिक्समध्यें 'सी-एच-रूट' नांवाची जी सोय आली, तिच्यांत या कल्पनेचें बीज सांपडतें.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पेटींत पायथन असतें, डेटाबेस असतो, ग्रंथसंच असतात, गाभा नसतो. तो जागेवरच असावा लागतो. म्हणूनच पेटी हलकी असते व क्षणांत चालूं होते. पण म्हणूनच, ज्या संगणकाचा गाभा लिनक्सचा नाहीं, तेथें ती पेटी नुसती नेऊन ठेवल्यानें चालत नाहीं. पेटींतील कार्यक्रम लिनक्सच्या भाषेंत विनंति करतो, आणि विंडोजच्या गाभ्याला ती भाषा कळत नाहीं.

३. कापसाच्या वावरांत धान

आपल्या तालुक्यांतील मुलांना हें समजण्यास एक सोपा दृष्टांत आहे. पऱ्हे कितीहि जोमदार असोत, रोवणीनंतर त्यांच्या मुळाशीं पाणी उभें राहिलें पाहिजे. धानाच्या बांधींत तें असतेंच. परंतु कापसाच्या वावरांत धान लावावयाचें झालें तर काय करावें? सर्व वावर बदलण्याची गरज नाहीं. त्याच्या एका कोपऱ्यांत चोहों बाजूंनीं धुरा घालावा, पाणी अडवावें, आणि तेथें लहानशी बांधी तयार करावी. बाहेर कापूस आपल्या जागीं राहतो, व आंत धान आपल्या पाण्यांत राहतें.

संगणकांतील या बांधीचें नांव 'व्हर्च्युअल मशीन', अर्थात् आभासी यंत्र. खऱ्या यंत्राची कांहीं रॅम, कांहीं डिस्क व प्रोसेसरचा कांहीं भाग राखून त्यावर दुसरा संपूर्ण गाभा चालवावयाचा, अशी ही योजना आहे. मोठ्या संगणकांवर ती आय-बी-एम कंपनीनें १९६० नंतरच्या दशकांतच करून दाखविली होती. घरगुती संगणकांच्या प्रोसेसरांत तिला अनुकूल अशी अंगभूत सोय इंटेलनें २००५ पासून व ए-एम-डीनें २००६ पासून आणली. आज आपण विंडोजवर डॉकर चालवितों तेव्हां पडद्यामागें हेंच होत असतें : विंडोजच्या वावरांत लिनक्सची एक बांधी, आणि त्या बांधींत आपल्या पेट्या.

विंडोजवर ही बांधी तयार करण्याच्या रीती बदलत गेल्या आहेत. आरंभीं व्हर्च्युअलबॉक्स नांवाच्या साधनानें लहानसें लिनक्स निराळें चालवीत असत. २०१६ सालीं डॉकरनें विंडोज व मॅक यांसाठीं स्वतंत्र साधनें काढलीं. पण विंडोजवर त्याला मायक्रोसॉफ्टचें 'हायपर-व्ही' लागे, व तें विंडोजच्या घरगुती आवृत्तींत मिळत नसे. त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टनें 'विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स', संक्षेपानें डब्ल्यू-एस-एल, आणलें. त्याच्या पहिल्या आवृत्तींत लिनक्सचा गाभा नव्हताच. एक दुभाषी बसविलेला होता, जो लिनक्सच्या विनंत्या विंडोजच्या भाषेंत सांगे. साधे कार्यक्रम त्यावर चालत, पण दुभाष्याला सर्वच शब्द येत नसल्यामुळें कंटेनर नीट चालत नसत. २०२० सालीं सर्वांच्या हातीं आलेल्या दुसऱ्या आवृत्तींत मायक्रोसॉफ्टनें दुभाषी काढून खरा लिनक्सचा गाभाच एका हलक्या आभासी यंत्रांत बसविला. तेव्हांपासून घरगुती विंडोजवरहि कंटेनर सुखानें चालूं लागले. दुभाष्यानें जें साधलें नाहीं तें खऱ्या गाभ्यानें साधलें, हा इतिहास आपल्या मूळ वाक्याचा चांगला पुरावा आहे.

मॅकविषयीं पुष्कळांचा एक गैरसमज असतो. मॅकची प्रणाली युनिक्सच्या कुळांतील असल्यामुळें तिच्यावर कंटेनर थेट चालत असतील असें त्यांना वाटतें. परंतु कूळ एक असलें तरी गाभा एक नव्हे. म्हणून तेथेंहि बांधी घालावीच लागते. जून २०२५ मध्यें ॲपलनें स्वतःचें कंटेनर-साधन प्रसिद्ध केलें. त्यांत तर प्रत्येक कंटेनराला स्वतंत्र अशी इवलीशी बांधी दिली जाते.

येथें एक खुलासा केला पाहिजे. विंडोजच्या स्वतःच्या गाभ्यावर चालणारे 'विंडोज कंटेनर' हि आहेत. पण ते त्याच गाभ्यावर चालतात. विद्यार्थ्यांच्या हातीं येणाऱ्या बहुतेक इमेज लिनक्ससाठीं बनविलेल्या असतात, म्हणून आपण त्यांचाच विचार करीत आहों.

४. मुंबईचें एक उदाहरण

हा विषय दूरदेशींचा आहे असें कोणी समजूं नये. मुंबई येथें ऋषभ मेहता यांनीं २००८ सालीं स्थापिलेली फ्रॅपे नांवाची कंपनी आहे. तिचें 'ई-आर-पी-नेक्स्ट' हें साधन हिशेब, मालाचा साठा, खरेदी-विक्री इत्यादि कामांसाठीं अनेक देशांत वापरलें जातें. त्याचा सर्व मूळ लेख खुला आहे. कोणाहि विद्यार्थ्यानें तो फुकट उतरून घ्यावा, वाचावा व बदलावा. एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीचा किंवा किराणा दुकानाचा हिशेब कसा बांधावा हें शिकावयाचें असेल, तर याहून चांगला ग्रंथ मिळणें कठीण.

परंतु हें साधन थेट विंडोजवर बसत नाहीं. तें लिनक्सला अनुसरून घडलेलें असून त्याच्या पोटांत अनेक कार्यक्रम एकदम चालतात : पायथनमध्यें लिहिलेला मुख्य भाग, मारिया-डी-बी हा डेटाबेस, तात्पुरत्या नोंदींसाठीं रेडिस, मागें राहून कामें उरकणारे मजूर, आणि ठरलेल्या वेळीं कामें सोपविणारा वेळापत्रक-कार्यक्रम. हें सर्व एकेक करून बसवावयाचें म्हणजे नवशिक्याचा आठवडा जातो. म्हणून फ्रॅपेनेंच त्याच्या पेट्या तयार करून ठेवल्या आहेत. कोणत्या पेट्या, कोणत्या क्रमानें, एकमेकींशीं कशा जोडून चालवावयाच्या, हें एका लहान फाइलींत लिहिलेलें असतें. या प्रकारच्या फाइलीला 'कंपोज' फाइल म्हणतात. विद्यार्थ्यानें डब्ल्यू-एस-एलची दुसरी आवृत्ति व डॉकर बसवावें, ती फाइल उतरून घ्यावी, एक आज्ञा द्यावी, आणि कांहीं मिनिटांनीं आपल्याच संगणकावरील ब्राउझरमध्यें ८०८० क्रमांकाच्या दारावर तें साधन उघडावें.

या दाराविषयीं दोन शब्द. कंटेनर आंतून बंद असतो. त्याच्याशीं बोलावयाचें तर त्याचें एखादें दार, म्हणजे 'पोर्ट', बाहेर उघडावें लागतें. कंपोज फाइलींत ८०८० हा अंक याचसाठीं लिहिलेला असतो. तो काढून टाकला तर आंत साधन व्यवस्थित चालत राहील, पण बाहेरून तें कोणासहि दिसणार नाहीं.

५. नेहमींच्या अडचणी व त्यांचीं कारणें

आतां मूळ वाक्य मनांत ठेवून अडचणींकडे पाहूं. प्रत्येक ठिकाणीं "बांधी कोठें आहे?" असा प्रश्न विचारावा.

पहिली अडचण : डॉकर चालूंच होत नाहीं. बहुधा बांधी घालण्याची परवानगीच नसते. प्रोसेसरांत आभासी यंत्राची सोय असते, पण कित्येक संगणकांत ती मुळांतच बंद ठेवलेली असते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्यें 'परफॉर्मन्स' या पानावर प्रोसेसरखालीं 'व्हर्च्युअलायझेशन' पुढें काय लिहिलें आहे तें पाहावें. तें बंद असेल तर संगणक सुरू होतांना बायॉसच्या पानावर जाऊन चालूं करावें. यास पैसा लागत नाहीं. हा उपाय ठाऊक नसल्यामुळें चांगला संगणक 'निकामी' ठरतो.

दुसरी अडचण : सर्व संगणकच मंदावतो. बांधीला पाणी द्यावयाचें तें वावरांतूनच. डब्ल्यू-एस-एलची दुसरी आवृत्ति सामान्यतः संगणकाच्या निम्म्या रॅमपर्यंत घेऊं शकते. आठ जी-बीच्या संगणकांत चार तिकडे गेले, व उरलेल्या चारांत विंडोज व ब्राउझर भांडूं लागले, म्हणजे मंदपणा येणारच. यासाठीं विंडोजमधील आपल्या घरच्या फोल्डरांत डब्ल्यू-एस-एलची एक छोटी व्यवस्था-फाइल ठेवून मर्यादा घालतां येते. काम झाल्यावर कंटेनर थांबवावे, व डब्ल्यू-एस-एल बंद करण्याची आज्ञा द्यावी. म्हणजे रॅम परत मिळते.

तिसरी अडचण : कार्यक्रम चालतो, पण फार हळू. येथें बहुतेक वेळां फाइली धुऱ्याच्या अलीकडे व कार्यक्रम पलीकडे असतो. फाइली विंडोजच्या 'सी' ड्राइव्हवर ठेवल्या, तर आंतील लिनक्सला प्रत्येक फाइल मागण्यासाठीं धुरा ओलांडावा लागतो. हजारों लहान फाइली असल्या कीं हें जाणेंयेणें फार महाग पडतें. आपलें काम लिनक्सच्याच फाइल-व्यवस्थेंत ठेवावें. एवढ्या एका बदलानें मोठा फरक दिसतो.

चौथी अडचण : फाइल समोर असून "सांपडत नाहीं" असा निरोप येतो. याचीं दोन कारणें पाहावींत. विंडोज नांवांतील रोमन लिपीच्या मोठ्या व लहान अक्षरांत सहसा भेद करीत नाहीं, लिनक्स करतें. दुसरें कारण डोळ्यांना न दिसणारें आहे. ओळ संपली हें दाखविण्यासाठीं विंडोज दोन खुणा वापरतें व लिनक्स एकच. विंडोजवर लिहिलेली आज्ञांची फाइल पेटींत गेली म्हणजे ती अधिक खूण लिनक्सला शब्दाचाच भाग वाटते. चांगल्या लेखन-साधनांत ओळीच्या शेवटाचा प्रकार बदलण्याची सोय असते, ती वापरावी.

पांचवी अडचण : एका मित्राच्या संगणकावर चालणारी इमेज दुसऱ्याच्या मॅकवर नकार देते. २०२० च्या अखेरीपासून ॲपलचे संगणक आर्म जातीच्या प्रोसेसरावर निघूं लागले. बहुतेक विंडोज संगणक मात्र इंटेल व ए-एम-डी यांच्या जातीचे असतात. पेटी दोहोंपैकीं ज्या जातीसाठीं भरलेली असते तेथेंच ती वेगानें चालते. दुसऱ्या जातीवर ती नक्कल करून चालवितां येते, परंतु हळू. म्हणून इमेज घेतांना ती दोन्ही जातींसाठीं आहे कीं नाहीं हें पाहावें.

सहावी अडचण सर्वांत दुःखदायक : केलेलें काम नाहींसें होतें. कंटेनर काढून टाकला म्हणजे त्याच्या आंत लिहिलेलें सर्व त्याच्याबरोबर जातें. तें साधनाचें अपयश नव्हे. पेटी केव्हांहि टाकून नवी घेतां यावी हाच तिचा धर्म आहे. जें राखावयाचें तें 'व्हॉल्यूम' नांवाच्या वेगळ्या कोठींत ठेवावें. धान्य कणगींत ठेवावयाचें, सुपांत नव्हे.

सातवी अडचण आपल्या भागाची विशेष आहे. इमेज कित्येकदां शेंकडों मेगाबाइटांच्या असतात, आणि मोबाइलच्या जोडणीवर त्या उतरवितांना दिवसाचा डेटा संपतो. यास दोन उपाय आहेत. एक, इमेज थरांची बनलेली असते, व एकदां आलेला थर पुन्हां उतरवावा लागत नाहीं. म्हणून वर्गांतील सर्वांनीं शक्यतों एकाच मूळ इमेजवर काम करावें. दुसरा उपाय, डॉकरमध्यें इमेज एका फाइलींत साठविण्याची व त्या फाइलींतून परत घेण्याची आज्ञा आहे. महाविद्यालयाच्या जाळ्यावर एकानें इमेज उतरवावी, पेन ड्राइव्हवर साठवावी, आणि सुटींत गांवीं येतांना घेऊन यावी. मग दहा मुलांना जाळ्याविना ती पेटी उघडतां येते.

६. पालकांस विनंति

आतां पालकांसाठीं थोडें सांगावयाचें आहे. मुलानें वा मुलीनें "नवा संगणक पाहिजे" असें म्हटल्यास रागावूं नये व लगेच उसनवारीहि करूं नये. आधीं वरील सात गोष्टी पाहिल्या कां, असें विचारावें. माझ्या मतें आठ जी-बी रॅम व जुन्या चक्रीऐवजीं एस-एस-डी असलेला जुना संगणक कंटेनर शिकण्यास पुरेसा आहे. चार जी-बीच असेल, तर रॅम वाढवितां येते कां हें दुकानांत विचारावें. नव्या संगणकापेक्षां तें पुष्कळ स्वस्त पडतें.

आणखी एक मार्ग आहे, व तो सर्वांत सरळ आहे. वावर मोकळेंच असेल तर त्याच्या कोपऱ्यांत बांधी घालण्यापेक्षां सर्वच वावराची बांधी कां करूं नये? विंडोज १० ची नियमित सांभाळणूक मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. पुष्कळ जुने संगणक विंडोज ११ साठीं पात्र नाहींत. अशा संगणकावर लिनक्सच बसविलें, तर आभासी यंत्राचा भारच नको. पेट्या थेट गाभ्यावर चालतात, व चार जी-बीचें यंत्रहि उपयोगीं पडतें. मात्र लिनक्स बसवितांना डिस्कवरील जुन्या फाइली पुसल्या जाऊं शकतात. म्हणून छायाचित्रें व कागदपत्रें आधीं दुसरीकडे उतरून ठेवावींत. लिनक्सचे प्राथमिक पाठ मुंबईच्या आय-आय-टीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पानें मराठींतहि उपलब्ध करून दिले आहेत, व ते विनामूल्य आहेत.

साधनांच्या परवान्याविषयींहि सांगून ठेवतों. ऑगस्ट २०२१ मध्यें डॉकरनें आपल्या डेस्कटॉप साधनाचे नियम बदलले, व मोठ्या कंपन्यांना त्यासाठीं पैसे द्यावे लागूं लागले. शिक्षणासाठीं व वैयक्तिक उपयोगासाठीं मात्र तें विनामूल्य ठेवलें आहे. म्हणून कोणी चोरीची प्रत वापरण्याचें कारणच नाहीं. शिवाय पॉडमन डेस्कटॉप व रँचर डेस्कटॉप हीं खुलीं साधनें आहेत, आणि मॅकवर कोलिमा आहे. जें प्रामाणिकपणें फुकट मिळतें तें सोडून अप्रामाणिकपणें कां घ्यावें?

विद्यार्थ्यांनो, शेवटीं एवढेंच सांगावयाचें. यंत्र तांबड्या अक्षरांत जें लिहितें तो तुमच्या बुद्धीवरील अभिप्राय नव्हे. कोठें अडलें आहे याची ती सूचना असते. ती शांतपणें वाचावी, आणि हें घडलें तें विंडोजमध्यें, बांधींत, कीं पेटींत, असा विचार करावा. तिहींपैकीं जागा ठरली म्हणजे अर्धें उत्तर सांपडलें. उरलेलें अर्धें धीरानें व मित्रांच्या साह्यानें मिळतें.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. पेटींत काय काय असतें व काय नसतें, हें आपल्या शब्दांत लिहा.

२. डब्ल्यू-एस-एलच्या पहिल्या आवृत्तींत कंटेनर नीट कां चालत नसत?

३. मॅकची प्रणाली युनिक्सच्या कुळांतील असूनहि तिला बांधी कां लागते?

४. घरच्या किंवा शाळेच्या संगणकावर टास्क मॅनेजर उघडून व्हर्च्युअलायझेशन चालूं आहे कीं बंद, तें पाहा, व संगणकाची रॅम वहींत नोंदवा. त्यावरून त्या संगणकावर विंडोजमध्यें बांधी घालणें बरें कीं सर्वच लिनक्स करणें बरें, याचा कारणांसह निर्णय लिहा.